सिनेट, धान्याची यादी आणि बिशप : रोममधले पाच दिवस

युरोपच्या टूरमध्ये रोमच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस येतो. कलोसियमसमोर फोटो, ट्रेवीच्या कारंज्यात नाणं, व्हॅटिकनची रांग, की बस पुढे निघते. प्राचीन रोमचा कारभार कसा चालायचा आणि त्या कारभारात ख्रिस्ती धर्म कुठून शिरला, हे जागेवर समजून घ्यायचं असेल तर पाच दिवस हवेत, आणि ते वार बघून लावायला हवेत. रोमचं जुनं बंदर असलेल्या ऑस्तियाचे अवशेष सोमवारी बंद असतात. सान कालिस्तोचं कॅटाकोम्ब, म्हणजे जमिनीखालची दफनभूमी, बुधवारी बंद. पोपची सार्वजनिक सभा असेल तर बुधवारी सकाळी सेंट पीटर्स बॅसिलिकेत सोडत नाहीत, आणि बॅसिलिकेखालचं उत्खनन रविवारी बंद. म्हणून आम्ही सोमवार ते शुक्रवार असा क्रम धरला. महिन्याचा पहिला रविवार टाळावा. त्या दिवशी सरकारी स्थळांना प्रवेश फुकट असतो, त्यामुळे गर्दीत काही दिसत नाही.

पहिला दिवस, सोमवार : फोरम

कलोसियम, फोरम (प्राचीन शहराचा मुख्य चौक) आणि पॅलेटाइन टेकडी यांचं तिकीट एकत्र मिळतं. अलीकडे साधं तिकीट १८ युरोंना आणि काही खास वास्तूंसकटचं २४ युरोंना होतं. कुरिया, म्हणजे सिनेट या वरिष्ठ सरदारांच्या सभेचं सभागृह, आतून बघायचं असेल तर साधं तिकीट पुरत नाही, आणि खास वास्तूही रोज उघड्या नसतात. आधी त्यांचे वार तपासावेत, मगच पैसे भरावेत. तिकिटावर नाव असतं आणि दारावर पासपोर्ट मागतात, तेव्हा पासपोर्टवर आहे तसंच नाव टाकावं. कलोसियमला ठरलेली वेळ मिळते, ती चुकली की तिकीट वाया. फोरम आणि पॅलेटाइन मिळून एकदाच आत जाता येतं. बाहेर पडलात की परत घेत नाहीत. खाणं बरोबर ठेवावं. पाण्याची मात्र चिंता नाही, शहरभर सतत वाहणारे नळ आहेत आणि त्यांचं पाणी पिण्याजोगं आहे. चपला जाड तळाच्या हव्यात. रोमन रस्त्यांचे काळे दगड झिजून गोल झाले आहेत आणि ओले असले की पाय घसरतो.

व्हिया देई फोरी इंपेरियालीवरच्या दरवाजाने शिरलं की उजवीकडे विटांची एक उंच, अगदी साधी इमारत दिसते. बहुतेक गट तिच्यासमोरून तसेच पुढे जातात. तीच कुरिया. ज्यूलियस सीझरने बांधायला घेतली, त्याचा वारस आणि पहिला सम्राट ऑगस्टस याने इ.स.पू. २९मध्ये पूर्ण केली. आज उभी आहे ती २८३च्या आगीनंतर डायोक्लेशनने पुन्हा उभारलेली. आत सुमारे २६ बाय १८ मीटरची खोली, उंची २१ मीटरच्या आसपास, दोन्ही बाजूंना तीन-तीन रुंद, बुटक्या पायऱ्या. या पायऱ्यांवर आसनं मांडत. कसंही मोजलं तरी ३००च्या वर माणसं इथे नीट बसत नाहीत. सुलाने सिनेट ६००ची केली, सीझरने ९००पर्यंत नेली, ऑगस्टसने पुन्हा ६००वर आणली. म्हणजे सगळे सभासद एका वेळी येतील अशी अपेक्षाच नव्हती.

कामकाज असं चाले. कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेला सर्वोच्च अधिकारी, सभा बोलावी, विषय मांडी आणि मानाच्या क्रमाने एकेकाला मत विचारी. आधी माजी कॉन्सल, मग त्याखालच्या हुद्द्याचे माजी प्रेटर. खालच्या पायरीवरच्यांची पाळी येईपर्यंत बहुधा सूर्य मावळायचा आणि सभा उठायची. मतदानाला हात वर करत नसत. ज्याचं म्हणणं पटलं त्याच्या बाजूला उठून जायचं. बरेच जण आयुष्यभर तेवढंच करत. निघालेला ठराव कायदा नव्हता, तो सल्ला होता. ट्रिब्यून, म्हणजे सामान्य लोकांचे प्रतिनिधी, दहा असत; त्यांपैकी एकाने ‘नाही’ म्हटलं तरी तो अडायचा. तरीही तो सल्ला धुडकावणं फार थोड्यांना परवडे, कारण पैसा आणि प्रांतांच्या नेमणुका याच खोलीत ठरत.

निवडून कोण येणार हे लोक ठरवत, पण मतं माणशी मोजली जात नसत. मतदार १९३ गटांत वाटलेले होते आणि प्रत्येक गटाचं एक मत. जुन्या मांडणीत घोडदळाचे १८ आणि सर्वांत श्रीमंत वर्गाचे ८० मिळून ९८ होत, म्हणजे तिथेच बहुमत. ज्यांच्याकडे मालमत्ता नाही असे सगळे मिळून एकच गट, आणि त्याची पाळी शेवटी. निकाल लागला की मोजणी थांबे, त्यामुळे गरिबांना मत देण्याची वेळच बहुधा येत नसे. ऑगस्टसने सिनेटरसाठी मालमत्तेची अट १० लाख सेस्टर्स (रोमन नाणी) केली. त्याखालच्या अश्वारोही वर्गासाठी ४ लाख. त्या काळी पायदळाच्या सैनिकाला वर्षाला ९०० सेस्टर्स मिळत. हजार वर्षांचा पगार साठवला तरी त्याला या पायरीवर बसता आलं नसतं.

ख्रिस्ती धर्माची गोष्ट खरं तर याच खोलीतून सुरू करावी. ऑगस्टसने इथे विजयदेवतेची मूर्ती आणि वेदी ठेवली होती आणि सिनेटर आत आल्यावर तिथे धूप वाहत. ३५७मध्ये ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टँशियस दुसऱ्याने वेदी हलवली, पुढे ती परत आली, ३८२मध्ये सम्राट ग्रेशियनने पुन्हा काढली. ३८४मध्ये रोमचा नगरप्रमुख सिमॅकस याने सम्राटाकडे अर्ज केला, की एवढ्या मोठ्या सत्यापर्यंत एकाच वाटेने पोचता येत नाही, वेदी परत द्या. मिलानचा बिशप अँब्रोस आडवा आला आणि अर्ज फेटाळला गेला. अँब्रोस स्वतः बिशप होण्याआधी प्रांताधिकारी होता. म्हणजे वाद मंदिर आणि चर्च यांच्यातला होता तसाच एकाच शिक्षणात वाढलेल्या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांमधलाही होता.

कुरिया टिकली ती ६३०मध्ये तिचं चर्च झालं म्हणून. तिची प्राचीन कांस्यदारं सतराव्या शतकात लॅटरन बॅसिलिकेत नेली, इथे आहेत त्या प्रतिकृती. पुढे अँटोनायनस आणि फॉस्टिना यांचं मंदिरही चर्च होऊनच वाचलं आहे. त्याचा दरवाजा जमिनीपासून कित्येक मीटर वर लटकलेला दिसतो. तो बसवला तेव्हा फोरम मातीखाली गेलेलं होतं आणि जमीन तिथवर चढलेली होती.

सॅटर्नच्या मंदिराचे आठ खांब उभे आहेत. सरकारी खजिना तिथे असे. बॅसिलिका ज्यूलियाच्या पायऱ्यांवर सोंगट्यांच्या खेळांचे पट कोरलेले सापडतात. बॅसिलिका म्हणजे तेव्हा न्यायनिवाड्याचं आणि व्यवहाराचं छपराखालचं मोठं दालन, मूर्ती नसलेलं. या इमारतीचा नकाशा डोक्यात ठेवावा : लांबट दालन, दोन्ही कडांना खांबांच्या ओळी. बुधवारी तो लागणार आहे.

कलोसियम संध्याकाळच्या वेळेला ठेवलं. तिथे बघायचं ते कुणाला कुठे बसवत ते. खाली सिनेटर, त्यामागे अश्वारोही, मग नागरिक, आणि अगदी वर बायका व गुलाम. जनगणनेची वही दगडात बांधावी तसं. ख्रिस्ती लोकांना याच रिंगणात सिंहांपुढे टाकलं असं गाइड ठासून सांगतात; त्याला त्या काळचा भरवशाचा पुरावा नाही.

दुसरा दिवस, मंगळवार : ऑस्तिया

फोरममध्ये राज्यकर्ते दिसतात, त्यांना खायला घालणारे दिसतात ते ऑस्तियात. पिरामिदे मेट्रो स्टेशनच्या शेजारून पोर्ता सान पाओलोहून लोकल सुटते आणि अर्ध्या तासात ऑस्तिया अँतिकाला उतरवते. शहरातलं साधं बस-मेट्रोचं तिकीट चालतं. स्टेशनच्या दारातलं नाव नीट वाचावं. झोपेत पुढे गेलं की थेट समुद्रकिनारा. अवशेष दीड-दोन किलोमीटर लांब पसरलेत, टोपी हवी आणि सकाळ हवी.

नाट्यगृहामागच्या चौकात व्यापाऱ्यांच्या ६०च्या आसपास कचेऱ्या होत्या आणि प्रत्येकीपुढे काळ्या-पांढऱ्या मोझेकची पाटी आहे. उत्तर आफ्रिकेतल्या साब्राताची खूण म्हणजे हत्ती. जहाजं, दीपस्तंभ, धान्य मोजायची मापं हीही चित्रं आहेत. धान्य आफ्रिका आणि इजिप्तहून येई. ऑगस्टसच्या काळी रोममध्ये २ लाख पुरुष नागरिकांना दरमहा ५ मोदियस, म्हणजे साधारण ३३ किलो गहू फुकट मिळे. यादीत नाव असणं हा हक्क होता, गरिबी ही अट नव्हती. म्हणूनच गुलाम, परदेशी, आणि नवरा नसलेली बाई यांना त्या यादीत जागा नव्हती. ही यादी गुरुवारी पुन्हा आठवावी लागेल.

डायानाच्या घराजवळच्या गल्लीत खाणावळ आहे : संगमरवरी ओटा, मागे फडताळ, भिंतीवर विकायच्या पदार्थांचं चित्र. आजूबाजूला तीन-चार मजली विटांच्या चाळी. तळाशी दुकानं, वर भाड्याच्या खोल्या, पाणी खालून भरायचं. या खोल्यांत राहणारे बरेचसे मुक्त झालेले गुलाम होते. रोममध्ये गुलामाला रीतसर मुक्त केलं की तो नागरिक होई, जुन्या मालकाशी बांधील राही, आणि त्याची मुलं पूर्ण मोकळी. सार्वजनिक शौचालय बघताना सगळे हसतात. वीसेक भोकं, मध्ये आडोसा नाही, पायाशी वाहत्या पाण्याचा पाट.

गावात मिथ्रदेवाची १८च्या आसपास देवळं सापडली आहेत, सगळी लहान, अंधारी, वीस-तीस जणांपुरती, आणि फक्त पुरुषांसाठी. दक्षिणेला पोर्ता मारिनाबाहेर ज्यूंचं सभास्थान आहे, १९६१मध्ये विमानतळाचा रस्ता करताना सापडलेलं. तिथपर्यंत चालत जाणारे थोडेच. जावं, कारण ख्रिस्ती धर्म रोमला पोचला तो अशाच बंदरांतून आणि अशाच सभास्थानांच्या आसऱ्याने. ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनची आई मोनिका ३८७मध्ये आफ्रिकेच्या परतीच्या वाटेवर इथेच वारली.

आपल्याकडचा धागाही याच व्यापाराचा. लाल समुद्रातून येणाऱ्या जहाजांसाठी पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या माहितीपत्रात सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर यांची नावं आहेत, आणि कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती तिथल्या संग्रहालयात आहे.

तिसरा दिवस, बुधवार : कमान, सान क्लेमेन्ते, लॅटरन

सकाळी कॉन्स्टंटाइनची कमान. ती रस्त्यावर आहे, तिकीट नाही. ३१२च्या ऑक्टोबरमध्ये मिल्व्हियन पुलाजवळ कॉन्स्टंटाइनने मॅक्सेन्शियसला हरवलं, आणि ३१५मध्ये सिनेटने ही कमान दिली. शिलालेख सांगतो, की विजय ‘दैवी प्रेरणेने’ मिळाला. कोणत्या देवाच्या, ते लिहिलेलं नाही. पारंपरिक सिनेटर आणि नवा सम्राट, दोघांनाही चालेल असं मोघम वाक्य. सरकारी मसुदा असाच लिहितात. वरची बरीच शिल्पं ट्राजन, हेड्रियन आणि मार्कस ऑरेलियसच्या काळातल्या वास्तूंवरून काढून आणलेली. दुर्बीण असेल तर दगडकामातला फरक चटकन कळतो.

सान क्लेमेन्ते दहा मिनिटांवर. दुपारी बंद होतं, म्हणून साडेअकराच्या आत शिरावं. वर बाराव्या शतकातलं चर्च, त्याखाली चौथ्या शतकातलं, त्याखाली पहिल्या शतकातल्या इमारती आणि एक मिथ्रमंदिर. १८५७मध्ये इथल्या आयरिश मठाधिकाऱ्याने, जोसेफ मल्लूलीने, खणायला सुरुवात केली. तळाला पायऱ्या ओल्या असतात आणि भिंतीआडून पाणी वाहताना ऐकू येतं. फोटो काढू देत नाहीत. मिथ्राच्या खोलीत दोन बाजूंना दगडी बाक, मध्ये बैल मारणाऱ्या देवाची वेदी. खोलीचा आकारच सांगतो, की हा पंथ वाढणार किती. वर चढलं की पहिल्या चर्चची रुंदी अंगावर येते.

लॅटरन इथून पंधरा मिनिटं चालत. ही रोमच्या बिशपची खरी गादी, सेंट पीटर्स नव्हे. मॅक्सेन्शियसच्या बाजूने लढलेल्या शाही घोडदळाची छावणी इथे होती. कॉन्स्टंटाइनने ती पाडली आणि चर्च बांधलं. जागा विचारपूर्वक निवडलेली आहे. सम्राटाची स्वतःची जमीन, शहराच्या भिंतीच्या आत पण अगदी कडेला. फोरममधल्या एकाही देवळाला हात लावला नाही, सिनेटच्या नाकावर टिच्चून काही केलं नाही. आणि आराखडा देवळाचा न घेता बॅसिलिकेचा घेतला, कारण देवळात पुजारी आत आणि लोक बाहेर, तर ख्रिस्ती प्रार्थनेला सगळे एका छपराखाली हवेत. आजची सजावट सतराव्या शतकातली, पण मधलं दालन आणि कडेच्या चार ओट्या जुन्याच मापांवर. दर्शनी भागातली मधली कांस्यदारं म्हणजे सोमवारी कुरियात नव्हती ती. मोठी करताना कडेने जोडलेल्या पट्ट्या दिसतात.

संध्याकाळी व्हिया उर्बानावरचं सांता पुदेंत्सियाना. घुमटीतलं मोझेक ४००च्या आसपासचं. ख्रिस्त रत्नजडित सिंहासनावर, दोन्ही बाजूंना टोगा घातलेले शिष्य, हुबेहूब सिनेटची बैठक. सोळाव्या शतकातल्या दुरुस्तीत खालचा पट्टा आणि कडेचे दोन शिष्य कापले गेले, म्हणून दहाच दिसतात.

चौथा दिवस, गुरुवार : आप्पियन मार्ग

व्हिया आप्पिया इ.स.पू. ३१२चा. चिर्को मास्सिमो स्टेशनजवळून ११८ नंबरची बस पकडावी. बस वेळेवर येईल या भरवशावर पुढचं काही ठरवू नये. पोर्ता सान सेबास्तियानोपासून चालत जायची हौस करू नये : रस्ता अरुंद, दोन्हीकडे उंच भिंती, पदपथ नाही आणि गाड्या भरधाव. चालायचंच तर सान कालिस्तोच्या आवारातला खासगी रस्ता धरावा, झाडं आहेत आणि वाहनं नाहीत. कॅटाकोम्ब दुपारी दोनेक तास बंद असतं. आत सोळा अंशांच्या आसपास, उन्हाळ्यातही अंगावर काही हवं. गाइडशिवाय सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. वाटा सुमारे २० किलोमीटरच्या आहेत.

ख्रिस्ती लोक इथे लपून राहत, ही समजूत आधी काढून टाकावी. बारा पट्टिकांच्या जुन्या कायद्यानुसार शहरात पुरायला किंवा जाळायला बंदी होती, म्हणून सगळ्यांच्याच कबरी मोठ्या रस्त्यांच्या कडेला. दफनाची जागा सरकारला पूर्ण ठाऊक असे. इथला ज्वालामुखीचा मऊ खडक खणायला सोपा आणि हवा लागली की घट्ट होणारा. जमीन महाग, म्हणून खाली खाली खणत गेले. भिंतीत फळ्यांसारखे कप्पे, तोंडाला संगमरवर किंवा कौलं आणि चुना. सरसकट सगळ्यांना एकाच मापाचा कप्पा नव्हता. पैसेवाल्यांनी कमानीच्या खोल्या घेतल्याच.

जागेला ज्याचं नाव आहे तो कॅलिक्स्टस गुलाम होता. त्याचा कट्टर विरोधक हिपोलिटस लिहितो, की मालकाच्या पैशांवर त्याने पेढी चालवली, ती बुडवली, पळाला, जात्यावर जुंपला गेला, पुढे सार्डिनियाच्या खाणीत गेला. सुटल्यावर बिशप झेफिरिनसने त्याच्याकडे ही दफनभूमी सोपवली, आणि २१७च्या सुमारास तो स्वतः बिशप झाला. हिपोलिटसचा आणखी एक आरोप असा, की वरच्या घरातल्या बायकांनी गुलाम किंवा मुक्त माणसाशी संसार केला तर कॅलिक्स्टस त्याला मान्यता देई. रोमन कायद्यात सिनेटरच्या मुलीचं असं लग्न धरलंच जात नव्हतं. शत्रूने लिहिलेलं आहे, तिखटमीठ असणारच. पण एका गुलामाला ही शिडी चढता आली, ती चर्चमध्ये.

पोपांच्या तळघरात तिसऱ्या शतकातले नऊ बिशप पुरले होते. १८५४मध्ये पुरातत्त्वज्ञ दे रॉस्सीला ते सापडलं. नावं ग्रीकमध्ये आहेत, लॅटिनमध्ये नाहीत : रोमचं चर्च तोवर परदेशातून आलेल्यांचंच होतं. इथे उभं राहून छळाचा इतिहास नीट लावता येतो. ११२च्या सुमारास सम्राट ट्राजनने प्रांताधिकारी प्लिनीला कळवलं होतं, की ख्रिस्ती लोकांना शोधत फिरू नका, निनावी तक्रार घेऊ नका, पण सिद्ध झालं आणि देवांना वाहायला नकार दिला तर शिक्षा करा. जवळपास एकशे चाळीस वर्षं हेच धोरण, म्हणजे छळ स्थानिक आणि तुरळक. २५०मध्ये सम्राट डेसियसने पद्धत बदलली. सगळ्यांनी आयोगापुढे देवांना वाहून दाखला घ्यायचा. इजिप्तमध्ये असे दाखले पपायरसवर सापडले आहेत. ठरावीक नमुना, फक्त नाव भरायचं. यात गोची झाली ती दोन्हीकडे. अधिकारी पैसे घेऊन खोटा दाखला देत, आणि नंतर दाखलेवाल्यांना चर्चमध्ये परत घ्यायचं का, यावर रोमचं चर्च फुटलं.

त्याच भांडणात बिशप कॉर्नेलियसने २५१च्या सुमारास लिहिलेलं पत्र माझ्या मते या पाच दिवसांतला सर्वांत मोलाचा कागद आहे. तो रोमच्या चर्चचा पट देतो : ४६ प्रिस्बिटर (धर्मगुरू), ७ डीकन (त्यांचे मदतनीस), ७ उपडीकन, ४२ सेवक, ५२ भूत उतरवणारे, वाचक आणि द्वारपाल, आणि चर्च पोसत असलेल्या १५००हून जास्त विधवा आणि गरजू. ऑस्तियाच्या धान्याला ज्यांची नावं लागत नव्हती, ती नावं या यादीत होती. यादी ठेवणं, माप देणं, हुद्द्यांची उतरंड लावणं हे सगळं रोमनच. फक्त यादी वेगळ्या माणसांची.

सरकारला हे कळलं. २५८मध्ये सम्राट व्हॅलेरियनने सामान्य भाविकांना सोडून यंत्रणेवर घाव घातला : बिशप, प्रिस्बिटर, डीकन यांना तत्काळ मृत्युदंड, ख्रिस्ती सिनेटर आणि अश्वारोहींचा दर्जा व मालमत्ता जप्त. म्हणजे सिनेटर वर्गात ख्रिस्ती होते, हे हुकूमच सांगतो. त्या ऑगस्टमध्ये बिशप सिक्स्टस दुसरा दफनभूमीतच मारला गेला. दोनच वर्षांत पुढचा सम्राट गॅलिएनसने जप्त जागा परत केल्या, म्हणजे चर्चच्या नावे जागा असतात हे सरकारने मानलं. ३०३चा डायोक्लेशनचा मोठा छळ, ३११मध्ये सम्राट गॅलेरियसने घेतलेली माघार आणि ख्रिस्ती धर्माला मोकळीक देणारी ३१३ची मिलानची व्यवस्था हे सगळं त्या पायावर.

पाचवा दिवस, शुक्रवार : व्हॅटिकनखालची दफनभूमी

उत्खननाच्या कार्यालयाकडे निदान दोन-तीन महिने आधी अर्ज करावा. नावं, भाषा, मुक्कामाच्या तारखा सगळं द्यावं. दिवस आणि वेळ ते ठरवतात. दिवसाला २५०च्या आसपासच लोक, डझनभरांचे गट, साधारण दीड तास. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मोठी बॅग नको, फोटो नाहीत. दमट आणि अरुंद आहे. दम्याचा किंवा कोंडल्यासारखं होण्याचा त्रास असेल तर जाऊ नये.

खाली उताराची गल्ली आणि दोन्हीकडे विटांची घरांसारखी स्मारकं. एका दारावर पोपिलियस हेराक्लाच्या मृत्युपत्रातला उतारा कोरला आहे : व्हॅटिकनमध्ये, सर्कसजवळ (रथांच्या शर्यतींच्या मैदानाजवळ), ६ हजार सेस्टर्समध्ये माझी कबर बांधा. मुख्यतः मुक्त झालेल्या, पैसा कमावलेल्या कुटुंबांची ही वस्ती. एका लहान स्मारकात रथावरच्या, किरणांचा मुकुट घातलेल्या ख्रिस्ताचं मोझेक आहे. पुढे दुसऱ्या शतकातली, १६०च्या आसपासची एक बुटकी देवळी आणि लोकांनी ओरखडून नावं लिहिलेली भिंत. पीटरची कबर म्हणून लोक येत ती हीच जागा.

कॉन्स्टंटाइनच्या माणसांनी उत्तरेची टेकडी कापली, दक्षिणेला भर घातली आणि वापरात असलेल्या कबरींची छपरं उडवून त्या मातीने भरल्या. रोमन कायद्यात कबर मोडणं हा मोठा गुन्हा. तो माफ करण्याचा अधिकार मुख्य पुरोहिताचा, आणि मुख्य पुरोहित सम्राटच. म्हणजे ख्रिस्ती जगातलं सर्वांत प्रसिद्ध चर्च उभं राहिलं ते जुन्या धर्मातल्या पदाचा अधिकार वापरून. गट शेवटी बॅसिलिकेखालच्या पोपांच्या कबरींपाशी बाहेर पडतो, त्यामुळे वर जायला चौकातली सुरक्षेची रांग पुन्हा लावावी लागत नाही.

दिवस तीनच असतील तर सोमवार आणि गुरुवार ठेवावेत आणि बुधवारच्या सान क्लेमेन्ते व लॅटरनला तिसरा दिवस द्यावा. ऑस्तिया सुटल्याची हळहळ वाटेल. व्हॅटिकनच्या उत्खननाची परवानगी आली नाही, तर सेंट पीटर्सच्या रांगेत सकाळ घालवण्यापेक्षा अव्हेंटाइन टेकडीवरचं सांता साबिना बघावं. ४२२ ते ४३२मधलं, फारसं न बदललेलं. खिडक्यांतून येणाऱ्या उजेडात रोमन बॅसिलिकेचा नकाशा तिथे इतर कुठल्याही चर्चपेक्षा स्वच्छ दिसतो, आणि लाकडी दारांवर डावीकडे अगदी वर क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या सर्वांत जुन्या चित्रणांपैकी एक आहे.